खुशीचे एकशे पाच

हिवरखेड,
१३ जुलै २०२५

आदरणीय बाई,
नमस्कार.

शाळा सुरू होऊन तीन आठवडे झाले आणि मी आज कुठे पत्राला बसले, म्हणजे तुम्ही आधी रागावणार आणि मग पुढचं वाचणार. गेल्या वर्षी माझ्या नेमणुकीचा आदेश आला तेव्हा तुम्ही बजावलं होतं, "फोनवर तू नुसती हो बाई, हो बाई करशीन. लिहून कळव, म्हणजे खरं काय ते कळीन." म्हणून खरं तेच लिहिते.

माझी शाळा इथून सहा किलोमीटरवर आहे. पहिली ते चौथी, एकतीस मुलं, आम्ही दोघं शिक्षक. दुसरी-तिसरी माझ्याकडे. वर्गात उभी राहिले की रोज कुठेतरी अडतं. डी.एड.ला पाठाचं टाचण कसं काढायचं ते शिकवलं. टाचणात लिहिलेलं उत्तर मुलानं दिलंच नाही तर काय करायचं, ते कुणी शिकवलं नाही. घरी विचारावं तर कॉलेजची पायरी चढलेली आमच्यात मी पहिलीच. आई म्हणते, "माय, तुलेच येत नसन तर मले काय येईन? मले मेथीची जुडी बांधता येते." मग मी मनात तुम्हाला विचारते. तिसरीत तुम्ही आम्हाला शिकवत होतात तेव्हा काय केलं असतं, ते आठवून पाहते. कधी आठवतं, कधी नाही.

म्हणून मी आणि रागिणीनं एक गोष्ट सुरू केली आहे. रागिणी माझी डी.एड.ची मैत्रीण, आता बाळापूरकडे एका शाळेत आहे. आम्ही दोघींनी शिक्षकांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. नाव ठेवलं 'कुठं अडलं?' अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतले त्रेसष्ट शिक्षक आहेत. आमचे सरकारी ग्रुप पुष्कळ आहेत, पण त्यांवर फक्त 'माहिती तात्काळ सादर करावी' एवढंच येतं. इथे नियम वेगळा. दर गुरुवारी शाळा सुटल्यावर प्रत्येकानं आपलं या आठवड्यात कुठं अडलं ते लिहायचं. शुभेच्छा नाहीत, वाढदिवस नाहीत, परिपत्रकं नाहीत.

आता खरं. तीन गुरुवार झाले, एकाचंही काही अडलेलं नाही. सगळे फोटो टाकतात: धुतलेले गणवेश, रांगोळीत काढलेली बाराखडी. खाली बाकीचे लिहितात, 'खूप छान', 'अतिशय सुंदर उपक्रम'. ग्रुप काढल्यावर चौथ्याच दिवशी बंडू सरांचा वाढदिवस निघाला. एक्केचाळीस शुभेच्छा आल्या. बेचाळिसावी माझी होती, कारण सर वयानं मोठे आहेत.

बाई, तुम्ही ग्रुपवर या. तुमची बत्तीस वर्षं झाली शिकवण्यात. तुमच्यासारख्या बाईंनी एक प्रश्न विचारला ना, तर बाकीच्यांची जीभ मोकळी होईल.

तुमची विद्यार्थिनी,
प्रतीक्षा

•

चांदूर बाजार,
२२ जुलै २०२५

प्रिय प्रतीक्षा,
आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षर बिघडलं आहे. टाइप करून करून बोटं आळशी झाली असतील.

परवा बाजारात तुझे वडील भेटले. वांगी तोलता तोलता ओमप्रकाशभाऊंनी चार गिऱ्हाइकांच्या देखत सांगितलं, "मॅडम, आमच्या पोरीनं अकोल्यात गट काढला." शेजारची भाजीवाली म्हणे, "बचत गट का?" तुझे वडील म्हणाले, "नाई वो, मास्तर लोकायचा." ती म्हणाली, "मास्तर लोकायले कायले पाहिजे गट?" भाऊंनी तराजूत आणखी एक वांगं टाकलं. मी वांगी घेऊन आले.

तुझ्या त्रेसष्ट जणांना दोष देऊ नकोस. शिक्षकाला आपलं चुकतं हे चारचौघांत सांगायची सवय नसते. आमच्याकडे तपासणीला कोणी आलं की हुशार पोरगं पुढे बसवायचं, हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. तरी सगळ्यांना येत होतं. तुझ्या फोटोंतलं तेच आहे.

मला ग्रुपचं सांगू नकोस. डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे, डॉक्टरांनी स्क्रीनपासून जपायला सांगितलं आहे. शिवाय ते फोनचं तंत्र मला जमत नाही. माझ्या शाळेतही आम्ही दोघंच. पहिली-दुसरी स्वप्निल सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. माझ्या वर्गात सगळं ठीक चाललं आहे.

जेवण वेळेवर करत जा.

तुझी,
शकुनबाई

•

हिवरखेड,
३ ऑगस्ट २०२५

आदरणीय बाई,
नमस्कार.

तुमचं पत्र वाचून एक कबुली द्यावीशी वाटली. मागच्या गुरुवारी मीच ग्रुपवर व्हिडिओ टाकला. दुसरीची मुलं बेरीज तोंडी सांगतात असा. तो चार वेळा घेतला. तिसऱ्या वेळेपर्यंत श्याम नावाचा मुलगा इतका तयार झाला की मी प्रश्न विचारायच्या आत त्यानं "सतरा!" म्हणून टाकलं. मग चौथ्यांदा घ्यावा लागला. खाली तेवीस जणांनी 'खूप छान' लिहिलं. मी वहीत लिहून ठेवलं: ग्रुप मी काढला आणि पहिलं खोटं मीच टाकलं.

रागिणी म्हणते, "बंद कर बाई, लोकायले नाई पाहिजे तर आपण काहून मरून राहिलो?" पण मला बंद करायचा नाही. गुरुवारी संध्याकाळी मी नत्थुजींच्या गच्चीवर जाऊन बसते, म्हणजे ज्यांच्याकडे मी भाड्यानं राहते त्यांच्या. खाली रेंज नसते. गच्चीवरून सातपुडा दिसतो. वाटतं, त्या डोंगरापर्यंत कितीतरी शाळा आहेत आणि प्रत्येकीत एकजण माझ्यासारखा फळ्याकडे तोंड करून उभा असेल. त्याला शेजारच्या शाळेतलं माणूस विचारायला मिळालं तर किती सोपं होईल.

बाई, फोनचं तंत्र अवघड नाही हो. मी टप्प्यानं लिहून देते. पहिलं, मुलाकडून साधा स्मार्टफोन घ्या. दुसरं, हिरव्या रंगाच्या चित्रावर बोट ठेवा. टाइप करायला नको, माइकच्या चित्रावर बोट दाबून नुसतं बोललं तरी चालतं. स्क्रीनकडे बघायचीसुद्धा गरज नाही. मी वाट पाहते. तुमच्या वर्गात कधी कोणी अडलेलं मला आठवत नाही. तुम्ही कसं शिकवता एवढं सांगितलंत तरी आम्हाला पुष्कळ आहे.

तुमची,
प्रतीक्षा

•

चांदूर बाजार,
१२ ऑगस्ट २०२५

प्रिय प्रतीक्षा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. 'तुमच्या वर्गात कधी कोणी अडलेलं आठवत नाही' या ओळीशी थांबले. तू खोटं कबूल केलंस, आता मीही करते.

ऑपरेशन दोन वर्षांपूर्वीचं आहे. डोळे चांगले आहेत. स्मार्टफोन कपाटात आहे, चालवताही येतो.

माझ्या तिसरीत नऊ पोरं आहेत. 'एकशे पाच लिहा' म्हटलं की त्यातली सहा जण १००५ लिहितात. शतक, दशक, एकक असे रकाने आखून दिले की बरोबर भरतात. रकाने पुसले की पुन्हा १००५. बत्तीस वर्षं हे पाहत आले आहे. रकाने, पुन्हा रकाने, शेवटी सवयीनं येतं. पण यंदा खुशी नावाची एक पोरगी आहे. चुकीची फुली मारली तर ती पाटी घेऊन टेबलाजवळ आली आणि म्हणाली, "बाई, शंभर लिवले ना मी? त्याच्यापुढं पाच लिवले. मंग चुकलं काहून?"

मी म्हटलं, "असंच असते." ती उभीच राहिली. मी पुन्हा म्हटलं, "जाय, जाग्यावर बस."

प्रतीक्षा, तिचं म्हणणं चूक नव्हतं. तिनं ऐकलं तसं लिहिलं होतं. का चुकलं ते मला सांगता आलं नाही. आणि मग लक्षात आलं की इतकी वर्षं मी हे कुणालाच सांगितलेलं नाही. तुलाही नाही.

मागच्या मार्चमध्येही अशीच एक वेळ आली होती. तेव्हा आमच्या बारा शाळांच्या ग्रुपवर मी सरळ विचारलं, 'हे मुलांना पटेल असं कसं सांगता?' एकानं लिहिलं, 'मॅडम, आता विचारता? पार्टी कधी देता रिटायरमेंटची?' त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. त्यात एक स्वप्निलचं होतं. दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा "नमस्कार मॅडम" म्हणून त्याच्या वर्गात गेला. मी फोन कपाटात ठेवला.

स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून ठेवला आहे. दसरा झाला की देणार. घरीदेखील कोणाला सांगितलेलं नाही. ज्या पोरीचा प्रश्न बरोबर आहे तिला 'जाग्यावर बस' म्हणायला अजून पावणेदोन वर्षं पगार घ्यावा, असं मला वाटत नाही.

तू मन लावून शिकव.

शकुनबाई

•

हिवरखेड,
२४ ऑगस्ट २०२५

आदरणीय बाई,
नमस्कार.

अर्ज देऊ नका. निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी.

तुमचा प्रश्न मी ओळखीच्या काही शिक्षकांना विचारला. बाई, हे फक्त तुमच्याकडेच घडत नाही! एकीनं सांगितलं, तिची मुलं दोनशे तीनचे २००३ करतात. एक सर म्हणाले, आम्हीही 'असंच असते' म्हणतो. मी माझ्या तिसरीला लिहायला लावलं. आठांपैकी पाच जणांनी १००५ लिहिलं. इतके दिवस मी रकान्यांतच लिहून घेत होते, म्हणून मला पत्ताच नव्हता.

बाळापूरकडचे देवानंद सर आहेत, त्यांनी एक युक्ती दिली. जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदाची कार्डं करायची. एकावर १०० लिहायचं, एकावर ५. मग पाचाचं कार्ड शंभराच्या कार्डावर उजव्या टोकाला ठेवायचं. पाच शेवटच्या शून्यावर बसतो, खाली शंभर तसंच असतं आणि वरून १०५ दिसतं. मुलांना कळतं की शंभर कुठे गेलेलं नाही. सर म्हणतात, त्यांच्या वर्गात एका आठवड्यात फरक पडला.

करून पाहा, बाई. आणि काय झालं ते मला कळवा.

तुमची,
प्रतीक्षा

•

चांदूर बाजार,
६ सप्टेंबर २०२५

प्रतीक्षा,

कार्डं केली. घरात सापडल्या तेवढ्या पत्रिका कापल्या, सगळी कार्डं एकसारखी, नीट. परवा वर्गात घेऊन गेले. शंभराचं कार्ड टेबलावर ठेवलं, सगळी पोरं गोळा केली, आणि पाचाचं त्याच्यावर ठेवलं. शंभर पूर्ण झाकलं गेलं. एकटा पाच उरला.

"बाई, शंभर कुठं गेले?" एक म्हणालं. दुसरं ओरडलं, "खाल्ले! पाचानं शंभर खाल्ले!" मग नऊच्या नऊ पोट्टे टेबलाभोवती नाचायला लागले, "खाल्ले, खाल्ले!" चौथीचेही आले. मी हसू का रागावू ते मला कळेना.

गोंधळ ऐकून शेजारच्या वर्गातून स्वप्निल आला. टेबलाकडे पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, पाचाचं कार्ड एका आकड्याएवढंच कापा लागते. फोटोत तसंच होतं."

मी म्हटलं, "कोणत्या फोटोत?"

तो टेबलावरची कार्डं सारखी करायला लागला. मी पुन्हा विचारलं. तेव्हा खाली पाहत म्हणाला, "ग्रुपवर एक पत्र आलं होतं, मॅडम. त्याच्याखाली देवानंद सरायनं फोटो टाकला होता. पत्राले नाव नव्हतं. पण तुमचं अक्षर मी रोज हजेरीपटावर पाहतो. अन् खुशी तर दोन वर्षं माह्याच वर्गात होती."

म्हणजे 'ओळखीच्या काही शिक्षकांना विचारला' तो असा. माझ्या पत्राचा फोटो काढून त्रेसष्ट लोकांपुढे ठेवलास. मार्चमध्ये मी हसं करून घेतलं ते निदान स्वतःच्या हातानं.

कार्ड कापल्यावर पुढे काय झालं ते मी तुला कळवणार नाही. तू ते पुन्हा कुठेतरी टाकशील.

शकुनबाई

•

हिवरखेड,
११ सप्टेंबर २०२५

आदरणीय बाई,

चूक माझीच आहे. कारणं सांगत नाही, फक्त काय केलं ते सांगते.

तुमच्या पत्रातला खुशीचा भाग तेवढा ठेवला. तुमचं नाव, गाव, मार्चमधलं आणि अर्जाचं सगळं झाकलं आणि २० ऑगस्टला, बुधवारी, टाकला. गुरुवारपर्यंतही धीर धरवला नाही. मला वाटलं, नाव झाकलं म्हणजे झालं. खुशीचं नाव झाकायचं राहिलं, आणि तुमचं अक्षर कोणी ओळखेल हे मनातच आलं नाही. तुमच्या शाळेचे स्वप्निल सर ग्रुपवर आहेत हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. ते अमरावतीच्या एका मित्राकडून आले आहेत.

पत्र लिहिताना मात्र ठाऊक होतं की मी लपवते आहे. 'ओळखीच्या काही शिक्षकांना' हे शब्द मी दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिले होते.

फोटो आता मला काढता येत नाही; काल ग्रुपवर सगळ्यांना तो पुसायला सांगितलं. पण तो तीन आठवडे तिथे होता.

प्रतीक्षा

•

हिवरखेड,
२८ सप्टेंबर २०२५

आदरणीय बाई,
नमस्कार.

उत्तर आलं नाही. येऊ नये असंच मी वागले. पण गुरुवारी दसरा आहे, म्हणून राहवत नाही.

तुम्ही राहा, असं मी म्हणणार नाही. तो हक्क मी घालवला. फक्त दोन गोष्टी सांगते, ज्या माझ्याशिवाय तुम्हाला कोणी सांगणार नाही.

पहिली. त्या बुधवारी सकाळी फोटो टाकल्यावर पूर्ण दीड दिवस ग्रुपवर एक अक्षर आलं नाही. 'खूप छान'सुद्धा नाही. मला वाटलं, संपलं. मग गुरुवारी साडेपाचला बंडू सरांनी लिहिलं, ज्यांच्या वाढदिवसाचं मी तुम्हाला सांगितलं होतं ते. त्यांची नोकरी सत्तावीस वर्षांची आहे. ते त्यांचं वाक्य जसंच्या तसं: 'मी आजपर्यंत भागाकार रेटून नेला. शेष उरते म्हणजे काय उरते, हे पोरांना सांगता आलं नाही. कोणी सांगेल का?' त्यानंतर थांबलंच नाही. त्या दिवसापासून दर गुरुवारी लोक खरं अडलेलं लिहितात. एका मॅडमनी लिहिलं की पहिलीतलं एक मूल तीन महिने त्यांच्याशी बोललेलंच नाही. त्यांना अकरा जणांनी उत्तरं दिली, आणि एकही उत्तर 'खूप छान' नव्हतं. बाई, ग्रुपवर कोणीही हसलं नाही. मी रोज पाहत होते. कोणी हसेल का, म्हणून माझाच जीव टांगणीला होता.

दुसरी. मागच्या गुरुवारी मी ग्रुपवर माझं लिहिलं, स्वतःच्या नावानं. 'एका शिक्षिकेचं पत्र मी त्यांना न विचारता इथे टाकलं. ज्यांच्यामुळे हा ग्रुप जिवंत झाला त्यांचा विश्वास मी मोडला. इथून पुढे कोणाचंही लिखाण, कोणत्याही मुलाचं नाव विचारल्याशिवाय येणार नाही. मी इथे अडले आहे आणि याचं उत्तर तुमच्याकडे नाही.' लोकांना काय वाटलं असेल ठाऊक नाही. रागिणी फोनवर म्हणाली, "शहाणी झाली वाटते." 

माझ्या वर्गात आठही मुलं आता १०५ बरोबर लिहितात. हे तुम्ही दिलेलं आहे. मी तिसरीत असताना तुम्ही मला पाढे दिलेत, भूगोल दिलात. पण बत्तीस वर्षांनंतरही 'मला सांगता आलं नाही' असं म्हणता येतं, हे या ऑगस्टमध्ये शिकवलंत. त्याचा उपयोग मला जास्त होणार आहे.

दसऱ्याच्या शुभेच्छा, बाई. आईनं तुमच्यासाठी झेंडूची फुलं वेगळी ठेवली आहेत. बाबा आणून देतील.

प्रतीक्षा

•

चांदूर बाजार,
८ ऑक्टोबर २०२५

प्रिय प्रतीक्षा,
आशीर्वाद.

फुलं मिळाली. तुझे वडील सायकल टेकवून दारातच उभे राहिले, आत येईनात. म्हणाले, "पोरीनं काही चुकवलं का, मॅडम? आवाज बारीक झाला तिचा फोनवर." मी म्हटलं, "चुकवलं होतं. तिनंच दुरुस्त केलं." त्यांना एवढं पुरलं. सोबत किलोभर गवार ठेवून गेले.

आता ज्या गोष्टी कळवणार नाही म्हटलं होतं त्या कळवते.

त्या दिवशी स्वप्निलनं माझ्या टेबलावरची कात्री घेऊन पाचाचं कार्ड कापलं आणि आपल्या वर्गात गेला. मी रागातच होते, पण पोरं वाट पाहत होती. लहान कार्ड शंभरावर ठेवलं. खुशीनं ते उचललं, खाली पाहिलं, पुन्हा ठेवलं. असं चार-पाचदा केलं. मग म्हणाली, "बाई, हे तर एस.टी.त रुमाल टाकून ठेवतात तसं हाय. शून्य म्हंजे रुमाल. पाच आला का बसते तिथं." आणि पाटीवर १०५ लिहून मोकळी झाली. बाकीच्यांना मी नाही, तिनंच समजावून दिलं. पुढच्या शुक्रवारी सहाच्या सहा जणांनी रकान्याशिवाय बरोबर लिहिलं.

स्वप्निलशी मी आठ दिवस कामापुरतंच बोलले. नवव्या दिवशी शाळा सुटल्यावर तो खुर्ची घेऊन माझ्या वर्गात आला. म्हणाला, "मॅडम, मार्चमधी मी हसलो, कारण सगळे हसून राहिले होते. माफ करा. माह्या दुसरीची पोरं पंचवीस लिवा म्हटलं का बावन्न लिवतात. तीन वर्सं झाले. कोणाले विचारलंच नाई. तुमचं असं झालं, मंग मी कोणत्या तोंडानं विचारू?"

तीन वर्षं आमच्यामध्ये एक भिंत होती, प्रतीक्षा. नऊ इंची. त्याचं अडलेलं मला माहीत नव्हतं, माझं त्याला. आणि ते आम्हाला हिवरखेडवरून कळलं.

मी त्याला सांगितलं, पोरं आधी 'पंच' ऐकतात म्हणून आधी पाच लिहितात. लिहायला लावू नकोस. विसाचं कार्ड ठेवायला लाव, मग त्याच्यावर पाचाचं. बोलायचं कसंही, मांडायचं मोठं आधी. दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत धावत आला, "मॅडम, जमलं!" पोरांपेक्षा त्यालाच जास्त आनंद झाला होता. आता शनिवारी सकाळच्या शाळेत पहिला तास तो शिकवतो, मी मागे बसते. दुसरा तास मी शिकवते, तो मागे बसतो. माझ्या मागे कोणी बसायची ही पहिलीच वेळ. पहिल्या दिवशी मी फळा दोनदा पुसला. दसऱ्याआधी त्यानं मला सांगितलं की मी खिडकीकडच्या पोरांना प्रश्नच विचारत नाही. बत्तीस वर्षांत मला हे कोणी सांगितलं नव्हतं. थोडा राग आला. मग पुढच्या शनिवारी सगळे प्रश्न खिडकीकडे विचारले.

दसरा झाला. अर्ज दिला नाही. आणि देणारही नाही. पावणेदोन वर्षं आहेत, तेवढ्यात खुशी चौथी पास होते.

तू केलंस ते चूकच होतं, हे पुन्हा एकदा लिहून ठेवते. पण तू ते स्वतःच्या नावानं त्याच त्रेसष्ट लोकांपुढे लिहिलंस, हे स्वप्निलनं मला वाचून दाखवलं. मला आवडलं. हा विषय संपला.

आता काम. काल खुशी पुन्हा पाटी घेऊन आली. एकशे पाचमधल्या मधल्या शून्यावर बोट ठेवून म्हणाली, "बाई, इथं तर कोणीच येऊन बसणार नाही. मंग रुमाल काहून ठेवायचा? पाचाले पुढं सरकू द्या ना."

उत्तर मला येतं असं वाटतं. पण त्या पोरीला पटेल असं येत नाही. मी तिला म्हटलं, "विचारून सांगते." ती म्हणाली, "तुमी बी विचारता?" मी म्हटलं, "हो. आमच्यासारख्या लोकांचा एक ग्रुप आहे." ती जागेवर जाऊन सगळ्यांना सांगून आली.

स्वप्निल म्हणत होता, "मी टाकतो, मॅडम." मी म्हटलं, नाही. जिनं न विचारता टाकलं, तिच्याच हातून आता विचारून टाकायचं. तेव्हा वरचा प्रश्न पत्र मिळताच टाक, गुरुवारची वाट पाहू नकोस. खुशीचं नाव तिच्या आईला विचारून ठेवलं आहे. आई हो म्हणाली. माझं नाव पूर्ण घाल, शाळेचंही घाल, आणि नोकरी बत्तीस वर्षांची आहे हेही लिही. मी फोन अजून कपाटातून काढलेला नाही. उत्तरं स्वप्निलच्या फोनवर वाचीन.

पुढच्या आठवड्यात दिवाळीच्या सुट्ट्या लागतात. त्याआधी पोरीला उत्तर द्यायचं आहे. तेव्हा मला पत्राचं उत्तर लिहीत बसू नकोस. आधी प्रश्न टाक.

तुझी,
शकुनबाई